मातीच्या आतली बोटं

संपादकांची अट साधी होती. मोठ्या शहरातलं संग्रहालय नको, राजवाड्यातलं नको, एखाद्या खेड्यातलं बघा आणि सविस्तर लिहा. मला लगेच तेर आठवलं. धाराशिव जिल्ह्यातलं, ढोकीजवळचं, तेरणा नदीच्या काठचं हे गाव वारकऱ्यांना गोरोबाकाकांचं म्हणून ठाऊक आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकांना प्राचीन तगर म्हणून. या दोघांच्या मध्ये जे बाकीचे आपण उरतो, त्यांना ते बहुधा ठाऊकच नसतं.

तगरचा इतिहास थोडक्यात सांगून पुढे जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनाम व्यापाऱ्यानं ग्रीक भाषेत ‘पेरिप्लस’ नावाची सागरी व्यापाराची माहितीवही लिहिली. त्यात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं शहर असल्याची नोंद आहे. पैठणहून अकीक यायचा आणि तगरहून कापड: जाडंभरडं, तलम, सगळ्या प्रतींचं. रस्ते नसलेल्या मुलखातून बैलगाड्या भरून तो माल भडोचच्या बंदरात उतरायचा. पुढे हजार वर्षांनीसुद्धा कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. नगर मागे पडलं, तरी मान त्याच्या नावानं मिळत राहिला.

मग ते नावही हरवलं. एकोणिसाव्या शतकात तगर नेमकं कुठलं यावर विद्वानांचे वाद झाले. कुणी दौलताबाद म्हटलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सुचवलं, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धारूर. अखेर १९०१ मध्ये जॉन फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे साधार मांडलं आणि पाठोपाठ हेन्री कझिन्स यांनी इथल्या मंदिरांची पाहणी केली. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. साठ आणि सत्तरच्या दशकांत आणखी उत्खननं झाली, आणि अलीकडे २०१४-१५ च्या सुमारासही. वीटबांधणीचा स्तूप मिळाला, लाकडी तटबंदीचे अवशेष मिळाले, सातवाहनांची नाणी मिळाली.

एवढं वाचून मी गेले होते, आणि मनात एक प्रश्न होता. ज्या कापडासाठी तगरचं नाव समुद्रापार गेलं, त्या कापडाचा एक धागाही आज उरलेला नसणार. काळ्या जमिनीत, दर पावसाळ्यात भिजणाऱ्या मातीत सूत टिकत नाही. मग ज्या गावाची कीर्ती नाशवंत वस्तूवर उभी होती, त्याच्या संग्रहालयात बघायचं काय?

बघायचं ते रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेलं. संग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे. ते राजे नव्हते, सरदार नव्हते, पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. तेरमधले व्यापारी होते. त्यांनी गावच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या, जपल्या; पुढे तो संग्रह राज्य शासनाकडे आला आणि त्यातून हे शासकीय संग्रहालय उभं राहिलं. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, मातीच्या बाहुल्या, दिवे, दगडी मूर्ती अशा हजारो वस्तू, आणि त्या सगळ्यांमागे एका माणसाची नजर.

ही नजर किती दुर्मीळ असते ते मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या गावात गेलं की कळतं. गावालगत पांढरीच्या टेकड्या असतात. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती, खापरं यांचे थरावर थर साचून त्या झालेल्या असतात. पाऊस पडला की त्यांच्या उतारावर घळी पडतात आणि त्यांतून मणी, नाणी, बाहुल्यांची मुंडकी उघडी पडतात. पोरं ती खेळायला नेतात. गुराखी उचलून बघतात आणि भिरकावतात. घर सारवायला, माळवदावर घालायला, शेतात टाकायला पांढरीची माती खणून नेतात आणि तिच्याबरोबर बाकीचं सगळं जातं. शेकडो गावांत असंच झालं. तेरमध्येही ते झालं, पण इथे एक माणूस असा होता की ज्याला मातीचं फुटकं मुंडकंसुद्धा ठेवून द्यावंसं वाटलं. सोनं कुणीही ठेवतं. मातीचं मुंडकं ठेवायला वेगळं मन लागतं.

संग्रहालयात आलेला माणूस पहिल्यांदा हस्तिदंती स्त्रीप्रतिमेची चौकशी करतो. साहजिक आहे. इटलीतलं पॉम्पेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, आणि १९३८ मध्ये तिथल्या एका घरात भारतीय घडणीची हस्तिदंती बाई सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या प्रतिमा महाराष्ट्रात दोन ठिकाणी मिळाल्या, भोकरदनला आणि तेरला. दागिन्यांनी मढलेल्या या बायका कुठल्या कारखान्यात घडल्या, यावर अजून चर्चा चालते. तेरची प्रतिमा सुंदर आहे, तिच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि म्हणून मी तिच्यापाशी फार थांबले नाही.

मी थांबले ती फुटक्या बाहुल्यांपाशी.

सातवाहनकाळातल्या दख्खनी मृण्मूर्तींचं एक वैशिष्ट्य आहे: त्या आतून पोकळ असतात. त्याआधी उत्तरेत ज्या मातीच्या प्रतिमा घडत, त्यांतल्या पुष्कळशा एकाच साच्यातल्या, समोरून आकार आणि मागून सपाट अशा पाट्यांसारख्या आहेत. तेर, पैठण, नेवासे, कोल्हापूर, तेलंगणातलं कोंडापूर इथल्या कारागिरांनी मात्र दुहेरी साचा वापरला. पुढच्या बाजूचा एक, पाठीचा एक. करंजीच्या साच्याची दोन पाखं मिटावीत तशी ही दोन अर्धुकं एकमेकांवर बसायची. काही अभ्यासकांना या पद्धतीत रोमन जगाशी आलेल्या संबंधांचा परिणाम दिसतो. रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं तेरला मिळाली आहेत, तेव्हा तो तर्क अगदी हवेतला नाही. पण तंत्र कुठूनही आलेलं असो, चेहरे इथलेच आहेत. भरलेले गाल, रुंद कपाळ, केसांची अवजड, फुलांनी आणि पदकांनी लगडलेली रचना, कानात मोठी कुंडलं.

आता हे काम कसं चालायचं ते बघा. आधी कसबी कारागीर हातानं एक मूळ मूर्ती घडवणार. तिच्यावर पुढून आणि मागून माती दाबून दोन ठसे घेणार, ते ठसे भाजून पक्के करणार. हे झाले साचे. मग रोजच्या कामाला चाळलेली, मळलेली माती. तेरच्या कित्येक मूर्तींना पांढरट, शाडूच्या जातीची केओलिन माती वापरली आहे. ती इतकी बारीक असते की केसाची बट न् बट उमटते. या मातीची पातळ पोळी साच्यात घालायची आणि बोटांनी आतून दाबत जायचं, नाकाच्या खळग्यात, ओठांच्या कडांत, कुंडलाच्या गोलात. दाब कमी पडला तर नाक बोथट होतं. जास्त पडला तर माती पातळ होऊन भट्टीत तडकते. दोन्ही अर्धुकं जरा सुकली की कडांना पातळ चिखल लावून जोडायची, सांध्यावर सुरी फिरवायची, आणि आतली हवा व वाफ निघून जायला कुठेतरी भोक ठेवायचं. ते विसरलं तर मूर्ती भट्टीतच फुटणार.

अखंड मूर्तीत यातलं काही दिसत नाही. बघणाऱ्यासमोर फक्त चेहरा असतो. पण मूर्ती फुटली, पुढचं अर्धुक पाठीच्या अर्धुकापासून सुटलं, की तिची आतली बाजू उघडी पडते, आणि त्या बाजूला बोटांचे दाब असतात. गालाच्या मागे अंगठा. कपाळाच्या मागे तीन बोटं शेजारी शेजारी. नाकामागे एकाच बोटाचं टोक, खोल रुतलेलं. बाहेरचा चेहरा साच्याचा आहे, म्हणजे तोच चेहरा दहा-वीस मूर्तींना असू शकेल. आतली बाजू मात्र एकाच माणसाची, एकाच दिवसाची. ती कुणी बघावी म्हणून केलेलीच नव्हती. कदाचित ती बोटं बाईची असतील, कदाचित कामाला लावलेल्या पोराची. एवढं बारीक, कंटाळवाणं, कौशल्याचं काम करणाऱ्या त्या माणसांबद्दल पेरिप्लसच्या लेखकाला काही लिहावंसं वाटलं नाही. त्याच्या लेखी ते ‘स्थानिक माल’ही नव्हते.

तिथल्या कर्मचाऱ्यानं मला विचारलं, “मॅडम, लोक समोरून बघतेत, तुम्ही मागून काय बघताव?” मी बोटांच्या खुणांबद्दल सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “आमच्याकडं कुंभाराच्या घरात रांजण फुटला की आत असंच दिसतंय.” त्याचं म्हणणं अगदी खरं आहे. आतून दगडाचा गोळा धरून बाहेरून थापटणं मारत मडकं वाढवायची रीत तेरच्या कुंभारवाड्यात गोरोबाकाकांच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. संतांच्या मेळ्यात गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं नि कोण कच्चं ते ठरवलं, ही कथा महाराष्ट्रात लहान मुलांनाही माहीत आहे. ज्या गावात सातवाहनकाळापासून मातीची पारख चालत आली, त्या गावात ती कथा जन्मावी यात मला नवल वाटत नाही.

आणि कापड? मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही याच मूर्तींनी दिलं, जेवढं देता येईल तेवढं. कमरेभोवतीच्या वस्त्राच्या चुण्या, मेखलेखाली दाबलेला काठ, खांद्यावरून घेतलेल्या पातळ वस्त्राची एकच रेघ. अंगाचा आकार आरपार दिसावा इतकं ते वस्त्र तलम दाखवलंय. तगरची मलमल आज बघायची तर ती इथेच, मातीत उमटलेली.

संग्रहालयाबाहेर पडून गावातली दोन जुनी मंदिरं बघितल्याशिवाय तेर पुरं होत नाही. त्रिविक्रमाचं मंदिर विटांचं आहे. त्याचा मागचा भाग अर्धगोल, छप्पर गजपृष्ठाकार कमानीचं. हे आधी बौद्ध चैत्यगृह असावं असं मत कझिन्स यांच्यापासून मांडलं जातं. आत आज त्रिविक्रम विष्णू आहे. डोंगरात कोरलेली चैत्यगृहं आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण त्या आकाराची बांधलेली आणि उभी राहिलेली वास्तू देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दुसरं उत्तरेश्वर, तेही विटांचं. त्याची कोरीव लाकडी चौकट आता संग्रहालयात जपून ठेवली आहे.

तेरच्या या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. गावात हे अभिमानानं सांगतात आणि ते खरं आहे. नेहमीची भाजलेली वीट पाण्याच्या दीडपट ते पावणेदोनपट जड असते. तिनं तरंगायचं तर तिच्यात साठ टक्क्यांच्या आसपास पोकळी हवी. कारागिरांनी मातीत भाताचा तूस भरपूर कालवला. भट्टीत तो जळून गेला आणि जागोजाग हवेची घरं राहिली. अशी वीट वजनाला हलकी, म्हणून कमानीच्या छपराचा भिंतींवर पडणारा रेटा कमी. पण तूस जास्त झाला तर वीट हातात चुरते, कमी झाला तर ती जड होते, आणि प्रत्येक भट्टीचा जाळ निराळा. मूर्तीच्या आत बोटांनी जी पोकळी राखली, तीच इथे तुसानं राखली. हे दोन्ही कसब एकाच गावातलं आहे, आणि त्यापुढे मला तिथल्या हस्तिदंताचीही भूल पडली नाही.

आता काळजीचं बोलायला हवं.

पुरातत्त्वात वस्तूइतकंच महत्त्व ती कुठे, कोणत्या थरात, कशाशेजारी सापडली याला असतं. बाहुलीचं मुंडकं चुलीपाशी मिळालं तर एक अर्थ, स्तूपाच्या पायाशी मिळालं तर दुसरा, कचऱ्याच्या खड्ड्यात मिळालं तर तिसरा. टेकडीच्या घळीतून उचललेल्या वस्तूबद्दल यातलं काहीच सांगता येत नाही. लामतुरे यांच्यासारख्या संग्राहकानं वस्तू वाचवल्या, पण त्यांचा पत्ता वाचवणं कुणाच्या हातात नव्हतं. तो पत्ता पावसानं किंवा कुदळीनं आधीच पुसलेला होता. या संग्रहाला त्यामुळे कमी लेखणाऱ्यांशी माझं भांडण आहे. पर्याय ‘नोंदीसह वस्तू’ हा नव्हताच. पर्याय ‘काहीच नाही’ हा होता.

शिवाय हरवलेल्या पत्त्यातलं थोडं परत मिळवता येतं, आणि त्याचा मार्ग पुन्हा त्या साच्यातूनच जातो. ओली माती सुकताना आणि भाजताना आकसते, साधारण दहा टक्के. एखाद्या कारागिरानं तयार मूर्तीवरूनच नवा साचा उतरवला, तर त्यातून निघणारी मूर्ती त्या प्रमाणात लहान होते. पाच सेंटिमीटरचा चेहरा दुसऱ्या पिढीत साडेचार होतो, तिसऱ्यात चारच्या आसपास, आणि दर पिढीला बटा, कुंडलं, ओठांच्या कडा बुजत जातात. म्हणजे एकाच चेहऱ्याच्या मूर्ती मापून ओळीनं लावल्या तर कोणती आधीची नि कोणती नंतरची हे सांगता येतं. ग्रीक मृण्मूर्तींचा अभ्यास असा झालेला आहे. तेरच्या एखाद्या मुंडक्याचं भावंड नेवाशाच्या किंवा तेरच्याच उत्खननात ठाऊक असलेल्या थरात मिळालेलं असेल, तर त्याच्या आधारानं घळीतल्या मुंडक्यालाही काळ देता येईल. यासाठी फार मोठी यंत्रं लागत नाहीत. प्रत्येक मूर्तीचं पुढून, मागून आणि फुटलेली असेल तर आतून छायाचित्र, काटेकोर मापं, आणि गावोगावच्या संग्रहांची एकत्र यादी लागते. आतून, हे मुद्दाम म्हणते. छायाचित्रं चेहऱ्यांची निघतात, आणि कारागिराची सही मागच्या बाजूला राहून जाते.

या कामाला कितीही अवधी आहे असं मात्र नाही. जमिनीत दोन हजार वर्षं पडलेल्या भाजक्या मातीत क्षार मुरलेले असतात. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते विरघळतात, उन्हाळ्यात पृष्ठभागाशी येऊन त्यांचे स्फटिक होतात, आणि दर फेऱ्याला मातीचा पापुद्रा सुटतो. मराठवाड्याचं हवामान याला फारच अनुकूल आहे. हस्तिदंत तर कोरड्या-ओल्याच्या या खेचाखेचीत चिरत जातो. त्यात हा पट्टा भूकंपाचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जे झालं, ते या भागातल्या कुणाला सांगावं लागत नाही. पोकळ, पातळ भिंतीची मूर्ती फळीवरून एकदा घसरली की संपली. तिला खाली कोरलेला मऊ आधार हवा, फळीला कड हवी. साध्या गोष्टी आहेत, पण प्रत्येक मूर्तीसाठी वेगळ्या कराव्या लागतात आणि त्याला माणसं लागतात.

सगळ्यात मोठी अडचण संग्रहालयाच्या भिंतींबाहेर आहे. आजचं तेर जुन्या तगरच्या डोक्यावर वसलेलं आहे. घरांखाली घरं आहेत. घराचा पाया खणताना, शोषखड्डा घेताना, नळाची चारी काढताना तगरच निघतं. पूर्वी पांढरी टोपल्यांनी आणि गाडीनं जायची, आता यंत्रानं उकरून ट्रॉलीनं जाते, म्हणजे जे उतरायला पिढ्या लागायच्या ते एका दिवसात उतरतं. आणि सापडलेली वस्तू दाखवायला लोक घाबरतात. १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो की जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. १९७२ चा पुरावस्तू कायदा मृण्मूर्तींसारख्या वस्तूंची नोंदणी मागतो. दोन्ही कायद्यांचा हेतू योग्य आहे, पण गावात त्यांचा अर्थ एवढाच पोचला आहे की सापडलं तर गप्प बसावं. मग सोनं वितळतं, नाणी दलालाकडे जातात, आणि मातीचं मुंडकं, ज्याला बाजारात भाव नाही, ते पुन्हा ट्रॉलीत पडतं. लामतुरे यांच्या काळात वस्तू घेऊन जायला गावात एक ओळखीचं दार होतं. कागदपत्रं मागणारं कार्यालय त्या दाराची जागा भरून काढू शकत नाही, भले तिथली माणसं कितीही चांगली असोत.

टेकडीच्या पायथ्याशी एका शेतकऱ्याशी बोलत उभी होते. त्याच्या बांधावर खापरांचा ढीग होता, नांगराला लागतात म्हणून वेचून टाकलेला. मी त्याला विचारलं, उद्या एखादी बाहुली निघाली तर काय कराल?

“ताई, द्यायला काय न्हाई,” तो म्हणाला. “आमच्या आज्यानं लामतुरेंकडं दिलेलंच हाय. पण मागं चौकशीचं लचांड नगं. आन् एक सांगा, दिलं तर कुणाच्या रानातनं निघालं, ते लिहितेत का तितं?”

लिहायला हवं. रानाचा गट नंबर, टेकडीची कोणती बाजू, किती हात खोल, सोबत काय होतं, तारीख, आणि देणाऱ्याची हरकत नसेल तर त्याचं नाव. त्यानं ही यादी मला पुन्हा म्हणायला लावली, आणि मग बांधावरचा तो खापरांचा ढीग दाखवून विचारलं, “मग ह्याचं बी लिहावं लागंल का?”

त्याचंही.